साठ दिवसांची नोटीस आल्यावर घर कसे वाचवावे

तुमचा प्रश्न इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. भोसरीजवळच्या सदनिकेसाठी तुम्ही ३० लाखांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने, साडेआठ टक्के व्याजाने घेतले. पत्नी सहकर्जदार आहेत आणि फलटणला राहणारे वडील जामीनदार. पाच वर्षे दरमहा २६,०३५ रुपयांचा हप्ता एकदाही न चुकता गेला. मग कारखाना बंद पडला, चार हप्ते थकले आणि गेल्या आठवड्यात बँकेचे रजिस्टर पाकीट आले. साठ दिवसांत सुमारे २७ लाख २० हजार रुपये भरा, अन्यथा घराचा ताबा घेऊ, असे त्यात लिहिले आहे. आता नवी नोकरी लागली आहे, पण पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. साठाव्या दिवशी आम्हाला बाहेर काढतील का, लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरता येतात का, तोवर घर भावाच्या नावावर करून ठेवावे का आणि वडिलांना हे सांगावे का, हे तुम्ही विचारले आहे.

साठाव्या दिवशी कोणी बाहेर काढत नाही. मात्र त्या दिवसापर्यंत तुम्ही काय लिहून दिले आणि काय भरले, यावर पुढचे बरेच काही ठरते. मी बावीस वर्षे एका बँकेच्या वसुली विभागात होतो, त्यातील शेवटची नऊ वर्षे प्राधिकृत अधिकारी म्हणून, म्हणजे बँकेतर्फे ताबा व विक्रीची कारवाई करणारा अधिकारी म्हणून, आणि आता कर्जदारांच्या बाजूने त्यांचे कागद पाहतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, पैसे कमी पडल्यामुळे जितकी घरे लिलावात जातात, त्यापेक्षा अधिक घरे कर्जदार ऐन मुदतीत गप्प बसल्यामुळे जातात.

एका शब्दाचा घोळ आधी दूर करतो. परदेशी बातम्यांमध्ये ‘फोरक्लोजर’ म्हणजे थकलेल्या कर्जापोटी सावकाराने घर घेणे. आपल्या बँकेच्या काउंटरवर मात्र ‘फोरक्लोजर’ म्हणजे कर्ज मुदतीआधी पूर्ण फेडून खाते बंद करणे, आणि ‘फोरक्लोजर लेटर’ म्हणजे त्यासाठी नेमकी किती रक्कम भरावी लागेल ते सांगणारे पत्र. हे पत्र तुम्हाला पुढे लागणार आहे. तुमच्यावर जी कारवाई सुरू झाली आहे, ती २००२ च्या सरफेसी कायद्याखालची आहे. या कायद्याने बँकेला न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला. कर्ज सहकारी बँकेचे असले तरी सुटका नाही. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. पतसंस्थेचा मार्ग वेगळा असतो. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि त्यावर जप्ती व लिलाव होतो.

आता तुमच्या नोटिशीतील आकड्याकडे येऊ. पाच वर्षांत तुम्ही १५ लाख ६२ हजार रुपये भरले आणि तरीही बँक २७ लाखांहून अधिक मागते, ही फसवणूक आहे असे तुम्हाला वाटते. तसे नाही. तुमच्या पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजात गेले आणि मुद्दल कमी झाले ते अवघे ४,७८५ रुपयांनी. साठ हप्त्यांनंतर मुद्दल सुमारे २६ लाख ४४ हजार उरते, आणि त्यात चार महिन्यांचे व्याज मिळवले की नोटिशीतला आकडा येतो. थकबाकी एक लाखाच्या आसपास असताना बँक सगळे कर्ज मागते, कारण खाते अनुत्पादक म्हणजे एनपीए ठरल्यावर करारानुसार सर्व रक्कम एकदम देय होते.

खाते एनपीए कसे ठरते, हे नीट समजून घ्यावे. ज्या वाचकांना अजून नोटीस आलेली नाही, त्यांचे घर वाचवण्याची सर्वांत स्वस्त वेळ खाते एनपीए होण्याआधीचीच असते. हप्ता ३१ मार्चला देय असून तो भरला नाही, तर त्याच दिवशी खाते धोक्याच्या पहिल्या पायरीवर येते, ३० एप्रिलला दुसऱ्या पायरीवर जाते, ३० मेला तिसऱ्या आणि २९ जूनला एनपीए होते. ही मोजणी सर्वांत जुन्या थकीत हप्त्यापासून होते आणि भरलेली रक्कमही आधी सर्वांत जुन्या हप्त्यालाच जमा धरली जाते. म्हणजे तीन हप्ते थकलेले असताना जूनच्या २७ तारखेला एक पूर्ण हप्ता भरला, तर मार्चचा हप्ता फिटतो, मोजणी एप्रिलच्या हप्त्यापासून सुरू होते आणि खाते एनपीए होण्यापासून वाचते. एकदा एनपीए झाले की मात्र एक हप्ता भरून काही साधत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, सर्व थकबाकी, व्याज आणि मुद्दल दोन्ही, भरल्याशिवाय खाते पुन्हा नियमित धरता येत नाही. एनपीए खात्याला नव्हे तर कर्जदाराला लागते, ही गोष्टही अनेकांना ठाऊक नसते. त्याच बँकेचे तुमचे वैयक्तिक कर्ज थकले, तर नियमित चाललेले गृहकर्जही त्याच्याबरोबर एनपीएमध्ये जाते. हातात पैसे थोडे असतील, तर आधी काय भरायचे याचा विचार हे लक्षात घेऊन करावा.

इचलकरंजीतील एका यंत्रमागधारकाचे प्रकरण मला कधी विसरता येत नाही. सुताचे पैसे अडकले, घराचे हप्ते थकले आणि खाते एनपीए झाले. गृहस्थ प्रामाणिक होते. जमेल तसे दरमहा दहा हजार रुपये ते खात्यात भरत राहिले. बँक पैसे घेते आहे म्हणजे सर्व ठीक आहे, अशी त्यांची समजूत होती. ताबा नोटीस चिकटवायला मीच गेलो होतो. पंचांच्या सह्या होत असताना त्यांच्या पत्नी गिरणीतून दळण घेऊन आल्या, पिठाचा डबा उंबऱ्याजवळ ठेवून दारावरचा कागद वाचू लागल्या. ‘ज्याअर्थी, निम्नस्वाक्षरीकार...’ अशी त्याची सुरुवात असते. दोन ओळींनंतर त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, यात माझं नाव का आहे, ते तेवढं सांगा." त्या सहकर्जदार होत्या आणि त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. यजमानांनी मग आतून टेबलाचा खण काढून आणला. त्यात बँकेची नऊ पाकिटे होती, सहा न उघडलेली. त्यांतील एक साठ दिवसांची मागणी नोटीस होती आणि तिची मुदत संपून तीन महिने झाले होते.

म्हणून तुम्ही पाकीट उघडून लगेच प्रश्न विचारलात, याचे मला समाधान वाटते. पाकीट परत पाठवल्याने किंवा ‘घरी कोणी नाही’ असे पोस्टमनला सांगितल्याने मुदत थांबत नाही. नोटीस घेण्यास नकार दिला तरी ती पोहोचली असेच सहसा धरले जाते, आणि गरज पडल्यास बँक ती दारावर चिकटवू शकते व वर्तमानपत्रातही देऊ शकते.

कलम १३(२) च्या या नोटिशीला लेखी उत्तर देण्याचा हक्क तुम्हाला कलम १३(३अ) ने दिला आहे, आणि तुमच्या हरकतीला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. मूळ कायद्यात ही तरतूद नव्हती. मार्डिया केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये कर्जदाराचे म्हणणे ऐकून घेण्याचा आग्रह धरला आणि त्यानंतर ती आली. हे उत्तर लिहिताना आपल्या अडचणींचे लांबलचक वर्णन करण्याच्या मोहात पडू नये. आधी खातेउतारा मागवून घ्यावा आणि तो ओळीने वाचावा. सर्व हप्ते जमा दिसतात का, एनपीएची तारीख बरोबर आहे का, दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून तिच्यावर पुन्हा व्याज लावले आहे का, हे तपासावे. दंडात्मक शुल्क मुद्दलात मिसळून त्यावर व्याज आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या परिपत्रकाने मनाई केली आहे. चूक सापडली तर नेमकी रक्कम आणि तारीख देऊन हरकत घ्यावी, आणि त्याच पत्रात आपला प्रस्ताव मांडावा. नवीन नोकरीचे नियुक्तिपत्र जोडावे, थकबाकी कोणत्या तारखांना किती भरणार ते लिहावे आणि पहिली रक्कम पत्राबरोबरच भरावी. पत्राच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी, आणि तेच पत्र प्राधिकृत अधिकाऱ्याला स्पीड पोस्टाने पाठवावे. शाखेतील साहेब ओळखीचे आहेत आणि त्यांनी ‘बघू’ म्हटले आहे, यावर विसंबू नका. फाईल आता त्यांच्या टेबलावर राहिलेली नाही.

तुमच्या बाबतीत चार हप्ते म्हणजे १,०४,१४० रुपये, त्यावर दंड व नोटिशीचा खर्च. पत्नीचे काही दागिने मोडून ही रक्कम उभी करण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे. नवीन पगारातून पुढचे हप्ते खरोखर जाणार असतील, तरच तसे करा. कायद्याने बँक पूर्ण रक्कम मागू शकते, परंतु गृहकर्जात सर्व थकबाकी एकरकमी आली तर बहुतेक बँका खाते नियमित करून पुढची कारवाई थांबवतात. फक्त पैसे भरण्याआधी ‘एवढी रक्कम भरल्यावर नोटिशीवर पुढील कारवाई होणार नाही’ असे पत्र किंवा ईमेल मागून घ्या. हप्ता जड जात असेल तर मुदत वाढवून मागता येते. साडेआठ टक्क्यांनीच २६ लाख ४४ हजार पंधराऐवजी पंचवीस वर्षांत फेडायचे ठरले, तर हप्ता २६ हजारांवरून सुमारे २१,३०० वर येतो. एक अडचण मात्र लपवत नाही. कर्जदार अडचणीत असताना दिलेली अशी सवलत नियमांनुसार पुनर्रचना ठरते, त्यामुळे बँका ती देताना हात आखडता घेतात. हप्ता थकण्याआधीच हे मागितले असते, तर काम कितीतरी सोपे झाले असते. ज्यांचा पगार डळमळीत झाला आहे पण हप्ता अजून चुकलेला नाही, त्यांनी या महिन्यातच बँकेला लेखी विचारावे.

साठ दिवसांत तोडगा निघाला नाही तर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. पहिला ताबा बहुधा सांकेतिक असतो, म्हणजे दारावर नोटीस लागते आणि सात दिवसांच्या आत ती दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यांतील एक स्थानिक भाषेतले. तुम्ही घरातच राहत असता. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करते आणि आदेश मिळाल्यावर पोलीस बंदोबस्तात कुलूप लागते. त्या अर्जावर कर्जदाराचे म्हणणे सहसा ऐकले जात नाही. तुमची दाद कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे असते. तुमच्यासाठी ते पुण्यात आहे. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत तिथे अर्ज करावा लागतो. दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मिळवून देतो, असे सांगणाऱ्याकडे पैसे देऊ नका. कलम ३४ ने तो मार्ग बंद केला आहे. डीआरटीत जावे ते नोटीस, मूल्यांकन किंवा प्रसिद्धी यांत खरी त्रुटी असेल तेव्हाच. केवळ वेळ काढण्यासाठी गेलात तर स्थगितीसाठी बहुधा मोठी रक्कम भरण्याची अट पडते, आणि तेवढे पैसे असते तर वेळ काढावा लागला नसता.

यानंतरचा मुद्दा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि याच गैरसमजामुळे मी सर्वाधिक घरे गेलेली पाहिली आहेत. लिलावाची बोली संपेपर्यंत पैसे भरले की घर सुटते, असे आजही लोक ठामपणे सांगतात. पूर्वी विक्रीच्या दिवसापर्यंत तशी सोय होती. २०१६ च्या दुरुस्तीने कलम १३(८) बदलले, आणि आता संपूर्ण येणे रक्कम खर्चासह भरून घर सोडवण्याची मुदत लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीपर्यंतच आहे. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हेच शिक्कामोर्तब केले. तिथे कर्जदाराने पैसे उभे केले होते, पण लिलावाची नोटीस आधीच निघालेली होती, आणि मालमत्ता लिलावात घेणाऱ्याकडेच गेली. लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात पाहून जागे होणाऱ्याला बँकेच्या मर्जीशिवाय काही उरत नाही.

उत्पन्न पुन्हा उभे राहण्याची शक्यता नसेल, तर घर स्वतः विकणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि तो सुचवताना मला कधी संकोच वाटला नाही. लिलावात मालमत्ता ‘जशी आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर विकली जाते, खरेदीदाराला दुसऱ्या दिवसापर्यंत २५ टक्के रक्कम भरावी लागते आणि बाकीची थोड्या दिवसांत. त्यामुळे गिऱ्हाईक कमी येतात आणि किंमत पडते. इचलकरंजीच्या त्या कुटुंबाचे येणे १८ लाख ४० हजार होते आणि मूल्यांकनावरून राखीव किंमत २६ लाख ठरत होती. लिलावाची नोटीस निघायला काही आठवडे होते. त्यांनी स्वतः गिऱ्हाईक आणले, साडेएकतीस लाखांना. कलम १३(१३) नुसार मागणी नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण घर विकता येत नाही, म्हणून आम्ही आधी संमतिपत्र दिले, मग फोरक्लोजर लेटर आणि आमच्याकडील मूळ कागदांची यादी दिली. त्या आधारे खरेदीदाराच्या बँकेने आमच्या नावाचा धनाकर्ष, म्हणजे डिमांड ड्राफ्ट, काढला. उरलेल्या पैशांतून त्यांचे दुसरे देणेही फिटले आणि गावातच दोन खोल्यांचे घर झाले. त्या बाईंच्या आग्रहामुळे हे घडले, कारण यजमान शेवटपर्यंत लूम विकून मार्ग निघेल या आशेवर होते.

लिलाव झालाच, तर येणे व खर्च वजा जाता उरलेली रक्कम कर्जदाराची असते आणि ती मागून घ्यावी लागते. कमी पडली तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा मागे लागू शकते. एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, मागता येते, पण तो हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले आहे. शिवाय सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचे कर्ज अवघड होते. तुमच्यासारख्या पुन्हा नोकरी लागलेल्या माणसाने आधी खाते नियमित करण्याचाच प्रयत्न करावा. वसुलीचे लोक सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील, शेजाऱ्यांकडे बोभाटा करत असतील, तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही.

या काळात आणखी एक माणूस दारात येतो: थकबाकी मीच भरतो, तुम्ही फक्त मुदतखरेदीच्या कागदावर सही करा, असे म्हणणारा खासगी सावकार. कोणत्याही परिस्थितीत ही सही करू नये. बँकेच्या कारवाईत नोटीस, मुदत आणि दाद मागण्याची जागा आहे. मुदतखरेदीत मुदत टळली की समोरचा घरावर मालकी सांगतो, आणि व्यवहार सावकारीचा होता हे सिद्ध करण्यात वर्षे जातात.

भावाच्या नावावर घर करण्याचा विचारही सोडून द्या. बँकेच्या संमतीशिवाय तसे हस्तांतर करायला कायद्याने मनाई आहे, बँकेचे तारण त्याने सुटत नाही, आणि तडजोडीसाठी बसलेल्या अधिकाऱ्याला ते कळले की तुमच्या शब्दावरचा त्याचा विश्वास जातो.

राहिला वडिलांचा प्रश्न. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे तशीच नोटीस त्यांच्या नावाने फलटणच्या पत्त्यावर निघाली असणार. ते पाकीट पोस्टमनच्या हातून त्यांना मिळण्याआधी, या रविवारीच, पत्नीसह तिकडे जा, खातेउतारा आणि बँकेला लिहिलेले पत्र बरोबर न्या आणि समोर बसून त्यांना दाखवा.